रुग्णवाहिका येईपर्यंत : घरच्या तयारीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

मागे बसलेल्या मंडळींना ऐकू येतंय ना? ठीक आहे, मग सुरू करू.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आपल्या दाराशी असलेल्या रस्त्यापासून करावी लागेल. आपण सातिवलीत बसलो आहोत. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला वालीव, गोलाणी नाका इथले कारखान्यांचे गाळे, आणि मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. हा रस्ता आपल्याला पोसतो आणि हाच आपल्याला अडवतो. ३१ जुलै २०२५ रोजी पालघरच्या एका जखमी महिलेला रुग्णवाहिकेतून मुंबईला नेत होते. गाडी याच महामार्गावरच्या कोंडीत अडकली आणि ती महिला वाचली नाही. पुढे सप्टेंबरमध्ये घोडबंदरच्या घाटात रस्तादुरुस्ती सुरू असताना नालासोपाऱ्याकडचं १६ महिन्यांचं बाळ ससूनवघरजवळच्या कोंडीत अडकलं आणि दगावलं. दोन्ही वेळा रुग्णवाहिका मिळाली होती. पुढे जायला वाट मिळाली नाही.

म्हणून आम्ही आज एक साधा प्रश्न घेऊन आलो आहोत. गाडी येईपर्यंतचा, किंवा गाडी अडकलेली असतानाचा वेळ कोणाचा? इतिहासात या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली आहेत. ती कशी बदलली ते आधी पाहू, आणि मग आपल्या घराकडे वळू.

आधी गाडीची गोष्ट

जखमींना नेणारी खास गाडी रणांगणावर जन्मली. १७९२ च्या सुमारास फ्रेंच सैन्यातला शल्यचिकित्सक लारे याने घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार केल्या. लढाई संपायची वाट न बघता जखमी उचलायचा, हा त्यातला नवा विचार. पण गाडी पोहोचेपर्यंत जवळच्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न उरलाच. त्याचं संघटित उत्तर इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनने दिलं. रेल्वे, खाणी, गिरण्या वाढल्या होत्या, रोज माणसं जखमी होत होती आणि डॉक्टर लांब होते. म्हणून कामगारांना, पोलिसांना, घरच्या बायकांना पट्टी बांधायला, रक्त थांबवायला शिकवायचे वर्ग निघाले. आपण ज्याला 'प्रथमोपचार' म्हणतो, तो असा आला. एक गोष्ट लक्षात ठेवा : प्रथमोपचाराचे वर्ग कारखान्यांच्या युगात निघाले. सातिवलीच्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्लेग : गाडीची भीती आणि पाठीवरचं मूल

आता आपल्याकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा आला. घरझडत्या सुरू झाल्या, रुग्णांना जबरदस्तीने उचलून नेऊ लागले. आज आपण गाडी का येत नाही म्हणून तळमळतो. तेव्हाचा माणूस गाडी येईल म्हणून घाबरायचा. घरात ताप असला की रुग्णाला लपवायचे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्लासुद्धा केला. सरकार आणि घर यांच्यातला विश्वास तुटला, की उपचार असूनही पोहोचत नाहीत. हा पहिला धडा.

याच साथीत दुसरी एक गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या वस्तीत एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचं सावित्रीबाईंना कळलं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण त्यात व्यवस्थेची गोष्टही आहे. दवाखाना उभा होता, तिथे डॉक्टर होता. कमी होती ती वस्तीपासून दवाखान्यापर्यंतच्या अंतराची. ते अंतर एका बाईने आपल्या पाठीने भरून काढलं. आजही आपल्याकडे मरण बऱ्याचदा याच अंतरात घडतं.

वसईपुरतं बोलायचं तर हे अंतर रेल्वेने कमी केलं. १९३६ मध्ये विजेवर चालणारी लोकल विरारपर्यंत आली. मोठ्या इलाजासाठी मुंबई, आणि मुंबईला जायचं म्हणजे लोकल, ही सवय आपल्या लोकांच्या अंगात तेव्हापासून मुरली. आज २०११ च्या जनगणनेप्रमाणेच आपल्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून जास्त आहे. तरी गंभीर रुग्ण निघाला की तोंड मुंबईकडेच.

ज्ञान घरात परत येतं

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक समजूत पक्की झाली होती : खरा उपचार रुग्णालयात, घर म्हणजे फक्त वाट बघायची जागा. ही समजूत तीन वेळा मोडली.

पहिल्यांदा १९६० मध्ये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी दाखवून दिलं, की छाती न उघडता, नुसत्या हातांनी दाबून थांबलेल्या हृदयाचं काम काही काळ चालू ठेवता येतं. त्यातले कौवेनहोवन हे डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनीअर होते. पूर्वी शल्यचिकित्सक छाती उघडून हृदय हातात धरत. आता तेच काम दोन हात असलेल्या कोणालाही करता येऊ लागलं. हीच आपली 'सीपीआर'.

दुसऱ्यांदा १९७१ मध्ये. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, जमिनीवर रुग्णांच्या रांगा. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून द्यायला सुरुवात केली. ते पाजायचं काम कोणाचं? रुग्णाच्या आईचं, भावाचं, शेजाऱ्याचं. सुमारे ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्याची ही अग्निपरीक्षा. डॉक्टरांची कमतरता होती म्हणून नातेवाइकांच्या हातात वाटी दिली, आणि कळलं की ते हात पुरेसे आहेत.

तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे नवजात बाळं घरातच दगावत होती. रुग्णालय लांब, रस्ता नाही, आणि बाळंतिणीला बाहेर न्यायची रीत नाही. त्यांनी गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं : बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास कोंडला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध देणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर आली.

या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. कोणीही 'रुग्णालय नको' म्हटलं नाही. रुग्णालयापर्यंतचा वेळ रिकामा जाऊ द्यायचा नाही, एवढंच म्हटलं.

घरातलं चुकीचं ज्ञान

आता थोडं कडू बोलायला हवं. घरात ज्ञान असतं, तसं चुकीचं ज्ञानही असतं. तेही वडिलांकडून मुलाकडे तितक्याच प्रेमाने येतं. साप चावला की घट्ट आवळून बांधायचं, ब्लेडने चिरायचं, मग मांत्रिकाकडे. भाजलं की टूथपेस्ट किंवा हळद. फिट आली की चप्पल नाहीतर कांदा हुंगवायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी. आपल्या भागात डोंगर आहे, शेतं आहेत, पाड्यांवर आजही साप चावतो, म्हणून हे स्पष्ट सांगतो. बांधू नका, चिरू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी-बांगड्या काढा आणि सापाचं औषध, म्हणजे प्रतिविष, आहे तिथे थेट न्या. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेलं काम जगभर मानलं गेलं. त्याचं सार असं : उपचार गावाजवळ असला आणि माणूस वेळेत पोहोचला, तर विंचवाने मरायचं कारण नाही.

१०८ आली, आणि आपण निर्धास्त झालो

आंध्रात २००५ मध्ये १०८ ही सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, ९३७ गाड्यांसह. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. ही सेवा मोठी आहे. तिने असंख्य बाळंतिणींना आणि अपघातग्रस्तांना वाचवलं आहे, यात वाद नाही. पण तिच्या येण्याने एक सूक्ष्म बदल झाला. नंबर फिरवला की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटू लागलं. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस गाडीला घाबरत होता. आपण गाडीवर विसंबून बसलो.

हृदय थांबलं तर छाती न दाबता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. कोंडीतल्या गाडीला दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. इथे तुम्हीच हिशोब करा.

मग सातिवलीच्या घरात काय असावं?

आम्ही इतिहासाचे लोक, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधं सांगणार नाही, ती तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. छातीत दुखलं तर कोणती गोळी चघळायची, कोणाला ती चालत नाही, हे आजच विचारून ठेवा. त्या रात्री विचारायला वेळ नसतो. बाकी काही गोष्टी अशा.

एक, कागद. घरातल्या प्रत्येकाचं वय, आजार, चालू गोळ्या, ॲलर्जी, रक्तगट, सगळं एका कागदावर. जुने रिपोर्ट एका पिशवीत. पिशवी दाराजवळ.

दोन, पत्ता. आपल्याकडे पत्ता सांगणं हीच एक कला आहे. 'गाळ्याच्या मागे, टाकीच्या बाजूला' असं गाडीवाल्याला कळत नाही. कोणत्या फाट्यावर वळायचं, कोणत्या नाक्यावर आपला माणूस उभा राहील, हे आधी ठरवा. १०८ लागला नाही तर ११२.

तीन, उचलणं. चाळीच्या अरुंद जिन्यातून स्ट्रेचर वळत नाही. मजबूत खुर्ची वळते. माणूस खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, दोघांनी उतरवायचा. एकदा रिकाम्या खुर्चीवर सराव करून बघा. पण पडून मानेला किंवा पाठीला मार लागला असेल, तर त्याला आहे तसाच ठेवा.

चार, हात. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. भाजलं तर वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर घड्याळात वेळ बघून लिहायची, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. जुलाबात ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस शुद्धीवर नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात.

पाच, शेजार. कोणाकडे रिक्षा आहे, कोण रात्रपाळीला असतो, कोण नर्स आहे. आणि कोणत्या दवाखान्यात आयसीयू आहे, कुठे प्रतिविष असतं, हे आधी जाऊन विचारून या. गाडी अडकली तर जवळच्या ठिकाणी रुग्णाला स्थिर करायचं की पुढे न्यायचं, हा निर्णय माहिती असेल तरच घेता येतो.

रस्त्यावरच्या अनोळखी जखमीला हात लावायला लोक आजही कचरतात, पोलिसांच्या भीतीने. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुम्हाला नाव सांगायचीही सक्ती नाही.

शेवटी एका ताईंनी प्रश्न विचारला, तो इथे नोंदवतो : "हे सगळं आम्हीच करायचं, तर मग सरकारने काय करायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. बनगावच्या छावणीत आईने वाटी धरली, पण मिठाची पाकिटं पोहोचवणारं कोणीतरी होतं. गडचिरोलीत आरोग्यदूत होती, पण तिच्यामागे प्रशिक्षण आणि औषधं होती. घराची तयारी हा व्यवस्थेला दिलेला माफीनामा नाही. महामार्गावर रुग्णवाहिकेला मोकळी वाट, जिल्ह्यात अपघातग्रस्तांसाठी सुसज्ज केंद्र, या मागण्या करतच राहायच्या, लेखी करायच्या, पुन्हा पुन्हा करायच्या. आणि ती वाट मोकळी होईपर्यंत घरातल्या खुर्चीचे पाय मजबूत आहेत ना, तेही बघून ठेवायचं.

पुढच्या वेळी आपण वसईच्या खाडीवरच्या पुलांचा इतिहास घेऊ. आज जाताना शेजाऱ्याचा नंबर घेऊन जा. नमस्कार.