शेणाचा हिशेब आणि पाण्याची मागणी : बंगळूरची विज्ञानसंस्था व पुरा गावाची कथा

(थ्रेड)

१.
सप्टेंबर १९८७. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात, कुणिगल तालुक्यातील पुरा नावाच्या लहानशा खेड्यात गोबरगॅसवर चालणारे एक इंजिन सुरू झाले. त्यातून वीज निर्माण झाली, त्या विजेने कूपनलिकेचे पाणी वर आले आणि घराघरांत ट्यूबलाइट लागल्या. परंतु हा प्रकल्प मुळात पाण्यासाठी आखलेला नव्हता, दिव्यांसाठीही नव्हता. तो चुलीसाठी आखलेला होता.

२.
चुलीचा वायू नळाकडे कसा वळला, याची ही कथा आहे. तिच्या एका टोकाला देशातील अग्रगण्य विज्ञानसंस्था आहे, तर दुसऱ्या टोकाला ५६ उंबऱ्यांचे गाव. प्रयोगशाळेने शोधलेले उत्तर आणि गावाला पडलेला प्रश्न यांतील अंतर मोजायला त्या संस्थेला जवळपास एक तप लागले.

३.
संस्था म्हणजे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून व देणगीतून, आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर ती १९०९ मध्ये उभी राहिली. बंगळूरकरांच्या तोंडी तिचे नाव आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असेच आहे. धातुशास्त्र, वैमानिकी, रसायनशास्त्र ही तिची कीर्तीची क्षेत्रे. खेड्यातील चूल हा विषय तिच्या अभ्यासक्रमात कोठेही नव्हता.

४.
तो विषय आणणारे शास्त्रज्ञ होते अमूल्य कुमार नारायण रेड्डी (१९३०–२००६). ते विद्युत-रसायनशास्त्राचे अभ्यासक. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी पीएच.डी. केली, काही वर्षे अमेरिकेत संशोधन केले आणि १९६६ मध्ये ते बंगळूरच्या संस्थेत आले. १९७० मध्ये बॉक्रिस यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ हा ग्रंथ जगभरातील विद्यापीठांत वापरला गेला. त्याच वाटेने जाणे त्यांना सहज शक्य होते.

५.
परंतु सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांना एक प्रश्न छळू लागला. देशातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात, मग देशातील उत्तम प्रयोगशाळांचा त्यांच्या जगण्याशी संबंध काय? त्यातच ऑक्टोबर १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या. आयात इंधनावर आणि आयात यंत्रांवर उभारलेला विकास किती ठिसूळ असतो, हे सर्वांनाच दिसले.

६.
१९७४ मध्ये संस्थेत एक नवा कक्ष स्थापन झाला. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचे उपयोजन, असे त्याचे कार्य होते. त्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘अस्त्र’ हा संस्कृत शब्द साधला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सतीश धवन. तेच भारतीय अवकाश कार्यक्रमाचेही प्रमुख होते. उपग्रहांची जबाबदारी असलेल्या माणसाने शेणावरील संशोधनालाही आपल्या छपराखाली जागा दिली.

७.
‘अस्त्र’ हा कोणत्याही एका विद्याशाखेचा विभाग नव्हता. रसायनशास्त्रज्ञ, स्थापत्य अभियंते, वैमानिकीचे प्राध्यापक आणि जीवशास्त्रज्ञ त्यात आपले नेहमीचे काम सांभाळून सहभागी झाले. रेड्डी यांनी विकासाच्या तीन कसोट्या सांगितल्या होत्या : गरजूंपासून, त्यातही सर्वांत गरजूंपासून सुरुवात, स्वावलंबन, आणि पर्यावरणाशी सुसंगती. ‘शाश्वत विकास’ हा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

८.
पहिला विषय होता गोबरगॅस. भारताला तो नवा नव्हता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून मिळालेला वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचे संयंत्र देशभर पोहोचवले. महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांच्या परसात ते आले. मात्र ते महाग होते आणि ज्याच्या गोठ्यात पुरेशी जनावरे, त्यालाच परवडणारे होते.

९.
१९७४ मध्येच सी. आर. प्रसाद, के. कृष्ण प्रसाद आणि रेड्डी यांचा गोबरगॅसवरील विस्तृत लेख मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्याच काळात रेड्डी यांनी मांडलेली एक तुलना पुढे फार गाजली. वर्षाला २,३०,००० टन नत्र हवे असेल, तर कोळशावर चालणारा एक प्रचंड खतकारखाना उभारता येतो किंवा २६,१५० गावांत गोबरगॅस संयंत्रे बांधता येतात.

१०.
भांडवली खर्च दोन्हीकडे साधारण सारखाच. पण कारखान्यात रोजगार मिळेल सुमारे १,००० लोकांना, तर गावोगावच्या संयंत्रांत १,३०,००० हून अधिक लोकांना. कारखाना ऊर्जा खाईल, संयंत्रे ऊर्जा देतील. तंत्रज्ञानाची निवड ही केवळ अभियंत्याची बाब नसून कोणाला काम मिळेल आणि कोणाला नाही, हे त्या निवडीतच ठरते, हा त्या हिशेबाचा गाभा होता.

११.
कागदावरचा हिशेब गावात तपासायचा, तर गावात राहायला हवे. बंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर उंग्रा या गावी ‘अस्त्र’चे विस्तार केंद्र उघडले. आसपासच्या सहा गावांत ऊर्जेची घरोघर पाहणी झाली. कोण किती सरपण आणतो, किती अंतर चालतो, किती वेळ स्वयंपाक करतो, हे सारे मोजले गेले. पुरा हे त्यांपैकी एक गाव. सप्टेंबर १९७७ मध्ये तिथे ५६ कुटुंबे आणि ३५७ माणसे होती.

१२.
पाहणीचे निष्कर्ष धक्कादायक होते. पुरा गावाच्या एकूण ऊर्जेपैकी ८९ टक्के ऊर्जा सरपणातून येत होती, ७ टक्के माणसांच्या श्रमांतून आणि वीज जेमतेम १ टक्का. गावात तारा पोहोचल्या होत्या, पण वीज होती सुमारे चौथ्या हिश्शाच्या घरांतच. ‘गाव विद्युतीकृत झाले’ या सरकारी वाक्याचा प्रत्यक्ष अर्थ एवढाच होता.

१३.
त्याहून महत्त्वाची होती माणसांच्या श्रमांची विभागणी. गावातील मानवी ऊर्जेत पुरुषांचा वाटा होता ३१ टक्के, मुलांचा १६ टक्के आणि स्त्रियांचा ५३ टक्के. सरपणासाठी एका कुटुंबाचे दररोज सुमारे अडीच तास आणि जवळपास पाच किलोमीटरची पायपीट खर्ची पडत होती. राष्ट्रीय ऊर्जेच्या कोणत्याही कोष्टकात तोवर या श्रमांना रकाना नव्हता.

१४.
या आकड्यांतून एक योजना सहज सुचली. गावाचे सगळे शेण एकत्र करावे, सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभारावे आणि प्रत्येक घरी स्वयंपाकाचा वायू द्यावा. सरपणाची वणवण थांबेल, धूर थांबेल, झाडे वाचतील. दरम्यान ‘अस्त्र’च्या संशोधकांनी संयंत्राची रचनाही सुधारली होती. टाकीची खोली व व्यास यांचे प्रमाण बदलून त्यांनी खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरवला होता.

१५.
प्रत्यक्षात योजना अडखळली. प्रत्येक घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हावा एवढे शेण गावात जमत नव्हते. दुसरी अडचण अधिक खोल होती. सरपण बहुतेक सर्व वेचून आणलेले, म्हणजे रोख पैसा न देता मिळणारे. त्याची किंमत बायकामुलांच्या पायांनी मोजली जात होती. घरच्या पैशाचे निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागत नव्हती. स्वयंपाकाच्या वायूसाठी गाव उत्सुक नव्हते.

१६.
गावाशी पुन्हा बोलणे सुरू झाले, तेव्हा दुसरीच मागणी पुढे आली. गावाला सर्वांत आधी हवे होते पिण्याचे स्वच्छ पाणी आणि त्यानंतर उजेड. गणितही जुळत होते. जो वायू सगळ्या चुलींना अपुरा होता, तो इंजिनात थोड्या डिझेलबरोबर जाळून पंप आणि दिवे चालवण्यास पुरेसा होता. संशोधकांनी मूळ आराखडा बाजूला ठेवला. सहा गावे मोजणाऱ्यांनी हा प्रश्न आरंभी विचारला असता, तर काही वर्षे वाचली असती.

१७.
१९८७ मध्ये सुरू झालेली व्यवस्था साधी होती. शेण संयंत्रावर आणून द्यायचे, वायू निघाल्यावर उरलेली स्लरी वाळूच्या थरावर निथळून खत म्हणून परत न्यायची. खताचा कस टिकत असल्याने शेतकऱ्याचे नुकसान नव्हते. शेण आणून देणाऱ्यास किलोमागे दोन पैसे मिळत. हे काम मुख्यतः बायका व मुले करत, म्हणून ही रक्कम त्यांच्या हाती पडू लागली.

१८.
यंत्र चालवायला गावातीलच तरुण तयार करण्यात आले. हिशेब आणि वसुली ग्रामविकास सभेकडे होती. ज्याच्याकडे जनावरे नाहीत, त्याच्या घरीही दिवा लागत होता आणि नळाचे पाणी सर्वांसाठी सारखेच होते. खासगी गोबरगॅस संयंत्राने गावात जो भेद वाढवला असता, तो सामुदायिक संयंत्राने टाळला.

१९.
पण मग चुलीचे काय? पाणी जवळ आले, तरी धूर घरातच राहिला. त्यावरचे काम वेगळ्या वाटेने झाले. कानडीत चुलीला ‘ओले’ म्हणतात. आपल्याकडे चुलीच्या शेजारी वैल असतो आणि मुख्य जाळाची उरलेली धग त्यावरच्या भांड्याला मिळते. त्याच तत्त्वावर तीन भांड्यांची, झडप आणि धुराडे असलेली ‘अस्त्र ओले’ घडवली गेली.

२०.
पारंपरिक चुलीत लाकडाच्या उष्णतेचा फार थोडा अंश भांड्याला मिळतो. ‘अस्त्र ओले’ने प्रयोगशाळेत ४० टक्क्यांच्या पुढे मजल मारली. ऐंशीच्या दशकात ती कर्नाटकाच्या गावोगावी पोहोचली. मात्र मापे चुकली, धुराडे साफ झाले नाही किंवा बांधणारा गवंडी शिकलेला नसला, की गुण उतरत. म्हणून संशोधकांना चुलीबरोबर चूल बांधणारी माणसेही तयार करावी लागली.

२१.
याच कक्षातून मातीच्या दाबलेल्या विटा आल्या. स्थापत्य अभियंते के. एस. जगदीश आणि सहकाऱ्यांनी हाताने चालणारे दाबयंत्र बनवले. मातीत थोडे सिमेंट मिसळायचे, दाबायचे आणि पाणी मारून मुरू द्यायचे. भट्टी नको, सरपण नको. १९८८ मध्ये कुणिगल तालुक्यातीलच होसहळ्ळी येथे लाकडाच्या वायूवर वीज निर्माण झाली आणि इंधनासाठी गावाजवळ झाडे लावली गेली.

२२.
संस्थेचे आवारही बदलत होते. कर्नाटक राज्य विज्ञान-तंत्रज्ञान परिषद तिथेच सुरू झाली आणि रेड्डी तिचे सचिव झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या प्रश्नांवर प्रकल्प करावेत, असा उपक्रम परिषदेने चालवला. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये याच संस्थेत पर्यावरणविज्ञानाचे केंद्र उभारले. १९८५ मध्ये पवईच्या आयआयटीतही ग्रामीण तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र केंद्र निघाले.

२३.
पुरा येथील व्यवस्था सुमारे दशकभर चालली आणि मग थांबली. रेड्डी यांनी ते अपयश झाकले नाही. २००४ मध्ये त्यांनी या प्रकल्पाच्या धड्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. इंजिन दुरुस्त करणे सोपे असते. वर्षानुवर्षे वर्गणी गोळा करणारी, भांडणे मिटवणारी आणि नव्या पिढीला सामावून घेणारी गावसंस्था टिकवणे अवघड असते. प्रयोगशाळेजवळ त्याचे सूत्र नव्हते.

२४.
गोल्डेंबर्ग, योहान्सन आणि विल्यम्स यांच्यासह रेड्डी यांनी जगाच्या ऊर्जा-नियोजनाचा वेगळा मार्ग मांडला. किती टन कोळसा लागेल, यापासून सुरुवात न करता लोकांना उजेड, पाणी आणि शिजलेले अन्न किती हवे, यापासून सुरुवात करावी, असा तो विचार. या चौघांना २००० साली व्होल्व्हो पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या विचाराची एक पाठशाळा पुरा हे गाव होते.

२५.
‘अस्त्र’ आज शाश्वत तंत्रज्ञान केंद्र या नव्या नावाने त्याच आवारात काम करते. प्रत्येक मोठ्या विद्यापीठात आता शाश्वततेचा विभाग असतो, अहवाल असतो, उद्दिष्टे असतात. पुरा गावाने १९८७ च्या आधीच त्या सर्वांसाठी एक कसोटी घालून दिली आहे : आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी गावाला विचारले का, आणि विचारले तेव्हा घागर वाहणारी बाई तिथे होती का?

(समाप्त)