आणखी एक?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांना 'बी' भाषेच्या कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीत, एकच चिन्ह वाढवायचे होते: एक्स-ऑर, म्हणजे 'हे किंवा ते, पण दोन्ही नव्हे'. भाजीत मीठ टाकण्याइतके सोपे वाटलेले काम गळ्याशी आले. प्रोग्राममधल्या वाक्यांचा अन्वय लावणारा भाग, म्हणजे पार्सर, असा थोड्याथोडक्या डागडुजीला दाद देत नाही.

सहकारी आल्फ्रेड एहो यांनी डोनाल्ड क्नूथ यांच्या १९६५ च्या निबंधाकडे बोट दाखवले. डावीकडून उजवीकडे वाचत जायचे, मागे वळायचे नाही, आणि पुढे काय करायचे ते प्रत्येक पावलाला कोष्टकात पाहायचे. ही कोष्टके एहोंनी आधी हातानेच करून दिली. त्यांत चुका निघत. मग एवढे यांत्रिक काम यंत्रानेच का करू नये? जॉन्सन यांनी तशी आज्ञावली लिहिली: भाषेचे नियम लिहून द्यायचे, पार्सर तयार होऊन मिळायचा. (नियम लिहायची ही पद्धत बॅकस-नाउर या नावाने ओळखली जाते, १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी तिला पाणिनीचे नाव जोडावे, असे सुचवले होते.)

कंपायलर घडवणारी आज्ञावली काही नवलाईची नव्हती. बेल लॅब्जमध्येच डग मॅकिलरॉय यांची टीएमजी होती आणि बीचा कंपायलर तिच्यातूनच निघाला होता. म्हणून जॉन्सन यांच्या आज्ञावलीचे नाव पडले 'येट अनदर कंपायलर-कंपायलर', आणखी एक! त्याचेच लघुरूप याक.

माझ्या मते याकचा खरा गुण त्याच्या तक्रारींत आहे. 'जर अ, तर जर ब, तर क, नाहीतर ड': यातले 'नाहीतर' कोणत्या 'जर'चे? व्याकरणात अशी फट राहिली की याक तिथेच कुरकुरतो. भाषा रचणाऱ्याला आपला घोळ लोकांच्या हाती पडण्याआधी कळतो. शिवाय नवी भाषा करणे इतके स्वस्त झाले की गणिती समीकरणे छापण्यासाठी एक चिमुकली भाषा निघाली, 'ईक्यूएन'. आणि १९७७ मध्ये मजकुरातून हवे ते वेचणारी 'ऑक'.

मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाच्या मंडळींनी आपल्या याकला बायसन म्हटले. याक या प्राण्यासारखा बैलाच्या कुळातलाच तो. पुढे ग्नूच्याच जीसीसी या कंपायलरने २००४ मध्ये सी++ साठी बायसन सोडला आणि हाताने लिहिलेला पार्सर घेतला. पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली मात्र एसक्यूएल या प्रश्नभाषेचा अन्वय अजून बायसनच्याच पार्सरकडून लावून घेते.