कडा ओलांडणारा बाण

एका माणसाच्या टेबलावर दोन संगणक, हे दृश्य सिल्वासात नवं नाही. आमली, मसाट, पिपरिया या पट्ट्यांतल्या कारखान्यांच्या कार्यालयांत एकावर हिशेब आणि मालसाठा चालतो, दुसऱ्यावर ईमेल आणि जीएसटीचं काम. दोन कीबोर्ड, दोन माऊस, वायरींचा गुंता, आणि बिलांच्या फायली ठेवायला जागा नाही. एकाच कीबोर्ड-माऊसने दोन्ही संगणक चालवायचे, माऊसचा बाण डाव्या पडद्याच्या कडेला नेला की तो उजव्या पडद्यावर उतरला पाहिजे, ही सोय आज फुकट मिळते. ती ज्या वाटेने आली ती वाट सुरुवातीला नेमकी उलट्या दिशेने जात होती: संगणक एक आणि हात अनेक.

सिल्वासा ज्या प्रदेशात आहे ती दादरा-नगर हवेली ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतीय संघराज्यात सामील झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या संगणकाचं पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. खोलीभर पसरलेल्या त्या यंत्रापुढे संशोधकांना आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागे. १९७० च्या दशकात याच संस्थेत डेकसिस्टिम-१० आला आणि रांग थोडी सैल झाली. तो आपला वेळ तुकड्यातुकड्यांनी वाटून देई, त्यामुळे वेगवेगळ्या टर्मिनलांवर बसलेल्या माणसांना यंत्र जणू आपलंच आहे असं वाटे. त्या काळात एका माणसाला दोन संगणक मिळतील अशी कल्पना कोण करणार?

माऊसने मात्र अंतर आधीच ओलांडलं होतं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात डग्लस एंगलबार्टने माऊस हलवला तेव्हा ज्या संगणकावर काम चाललं होतं तो मेन्लो पार्कला, सुमारे ५० किलोमीटर दूर होता. त्याच प्रयोगात तिकडे बसलेला सहकारी आणि एंगलबार्ट एकाच मजकुरावर आपापले बाण फिरवत होते. हात इथे आणि परिणाम तिथे, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. एका हाताखाली अनेक यंत्रं यायला अजून अवकाश होता, कारण यंत्रंच महाग होती.

ती स्वस्त झाली आणि सर्व्हरच्या खोल्यांत रांगेने उभी राहिली, तेव्हा प्रत्येकाला वेगळा पडदा आणि कीबोर्ड देणं परवडेना. तिथे जन्माला आली ती एकच पडदा आणि कीबोर्ड आळीपाळीने सगळ्यांना जोडणारी स्विचची पेटी. अमेरिकेतल्या सायबेक्स कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी १९९५ मध्ये तिला केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस) हे नाव दिलं. या पेटीतली कारागिरी मला फार आवडते. जुना पीसी सुरू होताना आधी कीबोर्ड शोधत असे आणि तो सापडला नाही तर तिथेच अडून बसत असे. पेटीने दुसऱ्या संगणकाकडे तोंड वळवलं की पहिल्याला कीबोर्ड गेल्यासारखं वाटणार! म्हणून चांगल्या पेटीत अशी सर्किटं बसवली की ज्या संगणकाकडे आत्ता कोणी पाहत नाही त्यालाही कीबोर्ड आणि माऊस जागेवर असल्याचे संकेत मिळत राहावेत.

पेटीत बटण दाबावं लागतं. बाण स्वतःच कडा ओलांडून जावा, ही कल्पना एक्स विंडो या प्रणालीच्या जगातली. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या या प्रणालीत प्रोग्रॅम एका यंत्रावर चालून त्याचं चित्र दुसऱ्यावर उमटू शके. त्यामुळे ‘एक्स-टू-एक्स’ सारख्या छोट्या प्रोग्रॅमला एका पडद्यावरच्या माऊसच्या हालचाली दुसऱ्याकडे पाठवणं शक्य झालं, पण दोन्हीकडे एक्सच हवं. १९९६ च्या सुमारास एसजीआय कंपनीच्या कॉस्मो सॉफ्टवेअर विभागात अभियंत्यांच्या टेबलांवर एसजीआयचं यंत्र आणि विंडोजचा पीसी असे दोन्ही असायचे. रिचर्ड ली आणि अॅडम फेडर यांनी त्या दोघांना जोडणारं ‘कॉस्मोसिनर्जी’ लिहिलं. २००१ मध्ये ख्रिस शोनेमन यांनी तीच कल्पना नव्याने रचून ‘सिनर्जी’ खुलं केलं. ‘बॅरियर’ आणि ‘इनपुट लीप’ हे त्याच वंशातले. मायक्रोसॉफ्टचं ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ २०११ चं, तर अॅपलची ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ ही सोय २०२२ मध्ये लोकांच्या हाती आली.

सिनर्जीत कोणता पडदा डावीकडे आणि कोणता उजवीकडे हे आपण संगणकाला सांगायचं असतं. मग ज्या संगणकाला खराखुरा कीबोर्ड जोडला आहे तो प्रत्येक दाबलेली कळ जाळ्यावरून दुसऱ्याकडे पाठवतो. सुरुवातीच्या आवृत्त्या हे सारं उघड्यावर पाठवत, पासवर्डसुद्धा. म्हणून हिशेबाचा संगणक मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवला असेल, तर या सोयीपायी दोघांमध्ये केबल टाकणं मला साफ चुकीचं वाटतं. तिथे पेटीच बरी.

मराठीत टाइप करणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. पेटी फक्त ‘अमुक जागची कळ दाबली’ एवढंच कळवते आणि अक्षर कोणतं हे पलीकडचा संगणक स्वतःच ठरवतो. सिनर्जीच्या वंशातलं सॉफ्टवेअर मात्र अक्षर आधी ओळखतं, त्याचा सांकेतांक पाठवतं, आणि पलीकडचा संगणक ते अक्षर देणारी कळ आपल्या मांडणीत शोधतो. इंग्रजीत हे निभतं. पण पलीकडे देवनागरीची मांडणी बसवलेलीच नसेल, तर ‘क’ कुठे शोधणार? भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘क्ष’, ‘त्र’, ‘ज्ञ’ यांना एकेक कळ आहे. युनिकोडमध्ये मात्र ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन सांकेतांक, आणि सिनर्जीच्या मूळ रचनेत एका कळीमागे एकच सांकेतांक जातो.

मराठी-गुजराती पत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याची अडचण याहून जुनी आहे. श्रीलिपीसारखं फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगल लावलेल्या संगणकावरच चाले, त्यामुळे इतर कामांसाठी शेजारी दुसरा संगणक लागे. अशा टेबलावर मी आजही आधी पेटी लावून पाहीन. बाणाने कडा ओलांडायलाच हवी असेल, तर दोन्ही संगणकांवर इन्स्क्रिप्ट बसवावी आणि पहिल्याच दिवशी ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘त्र’ पलीकडे नीट उमटतात का ते तपासावं.