शिवडी

शिवडी : मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदर-परिसर व जुनी कामगार वस्ती. उत्तरेस वडाळा, दक्षिणेस कॉटन ग्रीन, पश्चिमेस परळ व काळाचौकी आणि पूर्वेस ठाण्याच्या खाडीचे रुंद मुख अशी तिची स्थूल चतुःसीमा असून महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात ती मोडते. मूळच्या सात बेटांपैकी परळ बेटाचा हा पूर्वेकडील काठ होय. गोदामे, तेलाच्या टाक्या, चाळी, किल्ला आणि स्थलांतरित पक्ष्यांचे थवे उतरणारा चिखल इतक्या जवळजवळ नांदणारा दुसरा भाग मुंबईत क्वचितच आढळेल.

ईस्ट इंडिया कंपनीने १६८० मध्ये येथील टेकडीवर किल्ला बांधला, तो मुख्यतः खाडीतून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवण्यासाठी. सुमारे ५० शिपाई, त्यांच्यावर एक सुभेदार आणि आठ-दहा तोफा एवढीच त्याची शिबंदी होती. त्यामुळे १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाचे आरमार येऊन थडकले तेव्हा तो फार काळ टिकला नाही. पुढे त्याचा कैद्यांना ठेवण्यासाठी आणि नंतर बंदराचे गोदाम म्हणून उपयोग झाला. शत्रूला सरळ धाव घेऊन आत घुसता येऊ नये म्हणून बाहेरच्या दरवाजाशी काटकोन करून बसवलेला आतला दरवाजा, पंचकोनी दालन व कमानदार छताच्या लांबट खोल्या आजही पाहता येतात.

शिवडीला औद्योगिक रूप आले ते विसाव्या शतकात. १८७३ साली स्थापन झालेल्या मुंबई बंदर न्यासाने माझगाव ते शिवडी या पट्ट्यात समुद्र हटवून मोठी भर घातली, तिच्यावर रेल्वेचे फाटे, वखारी आणि धक्के उभे राहिले, आणि कुलाब्याचा कापूसबाजारही याच भरावावर हलला. १९३२ मध्ये येथे वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले व त्या कारखान्याला लागूनच १९३४ मध्ये लिव्हर ब्रदर्सचा साबण कारखाना निघाला. बंदराशी व कापडगिरण्यांशी बांधलेल्या या अर्थव्यवस्थेवर १९८२ च्या गिरणी संपाने खोल घाव घातला. बंदरातील अनेक कामे ओसरली तरी गोदामे आणि दुरुस्तीसाठी चिखलात टेकलेले पडाव यांमुळे किनाऱ्याचा कामकरी चेहरा पुसला गेलेला नाही.

शिवडीचे नाव दूरवर नेले ते मात्र तिच्या चिखलाने. ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरले की खाडीचा विस्तीर्ण गाळ उघडा पडतो आणि त्याच्या कडेने तिवरांची, म्हणजे खाऱ्या दलदलीत वाढणाऱ्या व गाळातून श्वसनमुळे वर काढणाऱ्या झाडांची, रांग दिसते. १९९० च्या दशकापासून येथे हिवाळ्यात रोहित (अग्निपंख किंवा फ्लेमिंगो) हजारोंच्या संख्येने येऊ लागले. त्यांत छोट्या रोहितांचा भरणा मोठा असतो. हा पक्षी मान वाकवून चोच उलटी पाण्यात बुडवतो, चोचीच्या आतील बारीक पट्ट्यांतून चिखलपाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शैवाल खातो. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही याच आहारातून येतो. भरती चढू लागली की थवा पाण्याच्या कडेबरोबर किनाऱ्याकडे सरकत येतो, म्हणून पक्षिनिरीक्षक भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच धक्क्यावर जातात. त्याच गाळावर तुतवार, चिखल्या, कुरव आणि बगळेही चरतात. शैवालाच्या या सुकाळामागे खाडीत मिसळणाऱ्या शहराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांचा वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. तथापि तेल व रसायनांची भर वाढत गेली तर हाच गाळ पक्ष्यांना घातक ठरेल, हेही तितकेच खरे. किनाऱ्याची जमीन दीर्घकाळ बंदराच्या ताब्यात राहिली व निवासी बांधकामाला तेथे वाव मिळाला नाही, ही गोष्टही या अधिवासाच्या पथ्यावर पडली. त्याचे श्रेय कोणत्याही संरक्षण योजनेला देता येत नाही.

वस्तीची घडण कोळी समाज आणि कोकण व घाटावरून आलेले कामगार यांनी केली. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी काही शिवडीत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचे खरे अंगण म्हणजे तेथील सामाईक मार्गिका. चाळीतली भजनी मंडळे, सार्वजनिक गणेशोत्सव व दहीहंडी, कोळ्यांची नारळी पौर्णिमा आणि किल्ल्याजवळचा दर्गा यांतून येथील लोकजीवन दिसते. परळ–शिवडी रस्त्याचे काम चालू असताना १९३१ मध्ये सापडलेले, पाचव्या-सहाव्या शतकातील व सुमारे साडेतीन मीटर उंचीचे शिवशिल्प आता परळच्या बारादेवी मंदिरात पुजले जाते. एकाच शिळेत सात शिवरूपे आणि पायथ्याशी वाद्ये वाजवणारे गण कोरलेले हे शिल्प परिसराचा इतिहास कंपनी सरकारच्या कितीतरी मागे नेते.

शिवडी ते न्हावा शेवा या सुमारे २१.८ किमी. लांबीच्या अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. त्याचे मुंबईकडील टोक रोहित उतरणाऱ्या गाळावरून जाते. बांधकामाच्या काळात मासेमारीला झळ पोहोचल्याने मच्छीमारांना भरपाई द्यावी लागली. २०१५ मध्ये घोषित झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची १,६९० हेक्टरांची हद्द ऐरोली व वाशी पुलांदरम्यान असून शिवडीचा चिखल तिच्याबाहेर राहिला आहे. बंदराच्या जमिनीचा पुनर्विकास आखताना या किनाऱ्याला स्वतंत्र कायदेशीर संरक्षण मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.