डोहातलं जनावर

केदारखेड्यातल्या जुन्या माणसांना डोहाची भीती कुणी शिकवली हे सांगता यायचं नाही. ती पुढच्या पिढीच्या हवाली कशी करायची, हे मात्र प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, पूर्णेच्या काठचं. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी उन्हाळ्यात नुसता वाळूचा पट्टा होऊन पडते आणि पावसाळ्यात एका रात्रीत दोन्ही थड्या भरून वाहते. डोह मात्र बारा महिने डोहच. त्याच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड, पुढ्यात हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता.

आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, आम्ही नातवंडं खोदून खोदून विचारायचो, आसरा दिसतात कशा? त्यांनी कधी सांगितलं नाही. केस, डोळे, दात, कशाचंच वर्णन नाही. "पाय धरतात," एवढंच म्हणायचे. मग तंबाखू मळता मळता थांबून, "आधी पाणी गार लागतं." बस्स. उन्हाळ्याच्या सुट्टीत नदीत डुंबताना पोटरीला जरा गार पाण्याचा पट्टा लागला की आम्ही सगळे ओरडत काठावर.

आबांच्या गोष्टीला नियमांची जोड होती. भर दुपारी डोहात उतरायचं नाही. एकट्यानं तर कधीच नाही. अवसेला जाळं टाकायचं नाही, श्रावणात मासा धरायचा नाही. या नियमांमागचं कारण मला भोईवाड्यातल्या एका म्हाताऱ्यांनी सांगितलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. वरचं पाणी उन्हानं तापतं, खालचं गारच राहतं. पोहणाऱ्याला गारवा लागला म्हणजे खोली सुरू झाली. श्रावणात मासळी अंडी घालते, तेव्हा जाळं टाकलं तर पुढच्या वर्षी खायचं काय? बाहत्तरच्या दुष्काळात सगळी नदी कोरडी पडली, तेव्हा गुरांना पाणी मिळालं ते डोहातच, आणि पुढच्या पावसात नदीत पुन्हा मासा दिसला तोही तिथूनच, असं दादा सांगायचे. आसरांची भीती होती म्हणून डोह राहिला होता.

मला सिनेमा कळू लागला तो या दोन म्हाताऱ्यांमुळे.

सिनेमा आमच्याकडे आला तोही आधी गोष्ट बनून. राजूरच्या गणपतीला, आसपासच्या यात्रांना तंबू लागायचे. ट्रकमधून तंबू, प्रोजेक्टर, जनरेटर यायचं; दिवसभर भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरायची. आबांच्या पिढीतली माणसं बैलगाडीनं जायची, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसायची. रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि त्या अंधारात पुढं काय होईल यावर वाद रंगायचे. परत आलेला माणूस पुढचे आठ दिवस ओट्यावर बसून तो सिनेमा सांगायचा. आमच्या गावात एकेक सिनेमा बघितलेल्यांपेक्षा ऐकलेलेच जास्त असायचे.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. गणपतीत वर्गणी काढून जालन्याहून तो भाड्यानं आणायचा, शाळेच्या पटांगणात टीव्ही टेबलावर ठेवायचा आणि रात्रभरात तीन सिनेमे उरकायचे. अशाच एका रात्री माझ्या थोरल्या काकांनी हिंदी कॅसेटींच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी कॅसेट आणली: 'जॉज'. गावापासून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर. तिथं बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो कधी पाहिला नव्हता, आणि इंग्रजी तर एका मास्तरांखेरीज कुणालाच येत नव्हतं.

पहिल्याच प्रसंगात एक मुलगी रात्री पोहायला उतरते. तिला खालून हिसका बसतो. ती इकडून तिकडे ओढली जाते, ओरडते आणि पाणी शांत होतं. जनावर दिसत नाही. पटांगणात मागं बसलेले आबा मोठ्यानं म्हणाले, "पाय धरला." समजावून सांगायची कुणालाच गरज उरली नाही.

त्याहून मोठी गोष्ट दादांनी केली. सिनेमात शिकारी माणूस माशाच्या अंगात भाला घुसवतो आणि त्याच्या दोरीला पिवळी पिंपं बांधलेली असतात. मासा खोल गेला तरी पिंप त्याला वर ओढतं, दमवतं, तो कुठं आहे ते दाखवतं. ही युक्ती मास्तर सांगायला जाणार, तोच दादा पुढं सरकून बसले. जुन्या काळी पूर्णेला पूर आला की भोई लोक वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर माणसं पलीकडे उतरवायचे; जाळ्यालाही भोपळा बांधायचे. पाण्यावरचं तरंगणारं कसं हललं म्हणजे खाली काय चाललंय, हे त्यांना हातानं माहीत होतं. पडद्यावर पिंप एकदम बुडालं तेव्हा सगळ्यांच्या आधी दादांचा श्वास अडकला. त्या क्षणी मासा पडद्यावर दिसत नव्हता. दादा पिंपाकडे बघूनच त्याचं वजन सांगत होते.

पुढं मोठा झाल्यावर या सिनेमाबद्दल मिळेल ते वाचलं आणि आबांबद्दलचा माझा आदर वाढत गेला. पीटर बेंचलीची कादंबरी १९७४ ची. सिनेमा अमेरिकेत लागला २० जून १९७५ रोजी. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग सत्तावीस वर्षांचे होते. तलावाऐवजी खऱ्या समुद्रात चित्रीकरण करायचा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी यांत्रिक शार्क बनवले होते, त्यांना सगळे 'ब्रूस' म्हणायचे. खाऱ्या पाण्यात ती यंत्रं सतत बिघडायची. ५५ दिवसांचं काम १५९ दिवसांवर गेलं. शार्क दाखवता येईना, तेव्हा स्पीलबर्ग यांनी पाणी दाखवलं, पिंपं दाखवली, खालून वर बघणारी नजर दाखवली. जॉन विल्यम्स यांनी दोन स्वरांवर उभं केलेलं संगीत दिलं. ते वाजलं की जनावर जवळ आलंय एवढं कळायचं. दोन तासांच्या सिनेमात शार्क नीट दिसतो तो सुमारे ऐंशी मिनिटांनी. संगीत, संकलन आणि ध्वनी यांसाठी सिनेमाला ऑस्कर मिळाले. अडचणीतून स्पीलबर्ग यांना जे सापडलं, ते आबांना डोहाच्या काठावर आधीपासून माहीत होतं: जनावर ऐकणाऱ्याच्या मनात वाढू द्यायचं.

या सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग माझ्या मते शार्कचा नाहीच. रात्री बोटीत तिघं बसलेली असतात आणि त्यांच्यातला वयस्क शिकारी, क्विंट, दुसऱ्या महायुद्धातली आठवण सांगतो. रॉबर्ट शॉ यांनी ती सांगितली आहे. अणुबॉम्बचे भाग पोहोचवून परतणारं 'इंडियानापोलिस' हे जहाज बुडालं, शेकडो खलाशी दिवसचे दिवस पाण्यात तरंगत राहिले आणि शार्क एकेकाला नेत राहिले. आमच्या पटांगणात मास्तरांनी तिथं कॅसेट थांबवायला लावली, मागं घ्यायला लावली आणि सगळं मराठीत सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. ते जहाज खरंच बुडालं होतं, ३० जुलै १९४५ रोजी. जवळपास बाराशे माणसांपैकी ३१६ वाचली. सिनेमात क्विंट तारीख सांगतो ती २९ जूनची. चुकीचीच, पण माझ्या ओळखीचा एकही म्हातारा याहून वेगळं सांगत नाही. आमच्याकडे पूर 'रझाकाराच्या आदल्या साली' येतो किंवा 'बाहत्तरच्या मागंपुढं' येतो. साल हलतं, गळ्यापर्यंत आलेलं पाणी हलत नाही.

आमची ती पटांगणातली मंडळी आता पन्नाशीत आली. एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आजही सिनेमावर बोलणं निघतं. २०२५ मध्ये 'जॉज'ला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यावर पुन्हा वाद झाला. एकाचं म्हणणं, उन्हाळ्यात एकाच वेळी शेकडो पडद्यांवर सिनेमा लावायचा आणि टीव्हीवर जाहिरातींचा मारा करायचा ही चाल 'जॉज'नं रूढ केली. आजचे सगळे मोठे सिनेमे त्याच वाटेनं येतात. दुसरा म्हणतो, आपल्यापर्यंत तो प्रभाव आला १९९४ साली, 'जुरासिक पार्क' हिंदीत आला तेव्हा. दिग्दर्शक तोच, आणि पाण्याच्या पेल्यात उठणाऱ्या तरंगांतून जनावर दाखवायची रीतही तीच. तिसऱ्याला आठवतो धर्मेंद्र आणि हेमामालिनी यांचा 'आतंक'. 'जॉज'वरून उघडउघड बेतलेला हा हिंदी सिनेमा इतका रखडला की १९९६ मध्ये तो पडद्यावर येईपर्यंत त्यातले विनोद मेहरा आणि अमजद खान हे दोघंही हयात नव्हते.

मी या चर्चेत दर वेळी 'सामना' आणतो. डॉ. जब्बार पटेल यांचा तो सिनेमाही १९७५ चाच, विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला. निळू फुले यांचा हिंदूराव साखरपट्ट्यातला सत्ताधीश; एका माणसाच्या जाण्याबद्दलचा प्रश्न त्याला पेलत नाही, आणि डॉ. श्रीराम लागू यांचे मास्तर तो प्रश्न विचारणं सोडत नाहीत. 'जॉज'मधला नगराध्यक्षही असाच. समुद्रात जनावर आहे हे त्याला सांगितलेलं असतं, पण चार जुलैच्या सुट्टीचा धंदा बुडेल म्हणून तो किनारा उघडा ठेवतो. मुलीच्या मृत्यूचं कारण बोटीचा अपघात असं लिहिलं जातं. पुढं एक लहान मुलगा जातो. त्याची आई काळ्या कपड्यांत येऊन पोलीसप्रमुखाच्या थोबाडीत मारते, तेव्हा पटांगणात कुणीच काही बोललं नव्हतं. शार्क आम्हाला नवा होता. पण मेलेल्या पोराचं कारण कागदावर बदलणं नवं नव्हतं.

आता मुद्द्याचं. या सिनेमानं एक नुकसान केलं आणि ते त्याच्या चाहत्यांनीच सांगायला हवं. त्यानंतर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्क मारणं ही मर्दुमकी झाली. बेंचली यांना याचं दुःख होतं. २००६ मध्ये ते वारले, तोवर कित्येक वर्षं ते समुद्र आणि शार्क वाचवायच्या कामात होते. स्पीलबर्ग यांनीही २०२२ मध्ये बीबीसीवर तशी खंत बोलून दाखवली. शार्क घटण्याचं मोठं कारण मासेमारी आणि पंखांचा व्यापार हेच आहे. जगात वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारले जातात, असा २०१३ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. शार्कच्या हल्ल्यात वर्षाला मरणाऱ्या माणसांची संख्या सहसा दहाच्या आतबाहेर असते. पण राक्षस ठरलेल्या जनावराची बाजू घ्यायला माणूस मिळत नाही, आणि ते राक्षसपण लोकांच्या मनात याच सिनेमानं पक्कं केलं.

उलटही घडलं आहे, आपल्या शेजारीच. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतात. बसगाडीएवढा हा मासा, पण खातो तरंगणारे बारीक जीव. माइक पांडे यांच्या २००० सालच्या माहितीपटानं त्याची कत्तल दाखवली आणि २००१ मध्ये भारतात त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. मग २००४ मध्ये कथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. त्याला 'व्हाली' म्हणू लागले. ज्या हातांनी भाले मारले, तेच हात पुढं जाळी कापून त्याला सोडू लागले. असं संरक्षित जनावर सोडवताना फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला महाराष्ट्रानंही २०१८ मध्ये सुरुवात केली. रायगडमध्ये महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीच्या नावानं मासे राखले जातात, आणि तिथं महसीर अजून दिसतो. आसरांचा डोह, वाळण कोंड, व्हाली, तिन्हीकडे माणसाला जनावराची किंवा पाण्याची जरब आहे, पण जोडीला मान आहे. 'जॉज'मध्ये जरब पुरेपूर आहे, मान नाही. आबांची गोष्ट आणि तो सिनेमा यांच्यात मला दिसलेला फरक हाच.

मान असणं म्हणजे धोका नाकारणं नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाला शार्कनं पायाला जबर चावा घेतला. धोका खरा असतो. तो किती, कुठं आणि कधी, हे नेमकं सांगणं ही गोष्ट सांगणाऱ्याची जबाबदारी.

पूर्णेत आज भीती कशाची घालावी? आबा गेले, दादा गेले. नदीतली वाळू उपसून उपसून जागोजागी खड्डे पडलेत. पावसाळ्यात त्यात पाणी भरतं, वरून सगळं सपाट दिसतं, आणि पोहायला उतरलेली पोरं अशा खड्ड्यांत बुडाल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या नद्यांकाठून येत राहतात. त्या खड्ड्यांना शेंदूर नाही, नियम नाहीत, आणि नगराध्यक्षानं उघड्या ठेवलेल्या त्या किनाऱ्याला निदान एक पोलीसप्रमुख तरी होता. म्हणून गणपतीत पोरांना 'जॉज' दाखवायचं आम्ही मनावर घेतलंय. सिनेमा संपला की दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, समुद्रातला शार्क तुमचा वैरी नाही, त्याला जगू द्या. दुसरी, वाळूच्या खड्ड्यात उतरू नका. आणि तो खड्डा कुणी केला, कुणी होऊ दिला, हे मोठ्यांना विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

आबांनी आम्हाला डोहापासून वाचवलं आणि डोहाला आमच्यापासून. भीतीची गोष्ट सांगायची तर ती एवढी दोन्ही कामं करणारी असावी.