मानवी फलनातील प्रथिन-अवरोधके : एक ऐतिहासिक आढावा

शुक्राणू अंडापर्यंत पोहोचताच फलन होते, असा समज दीर्घकाळ होता. १९५१ साली अमेरिकेत चँग व ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून स्वतंत्रपणे दाखविले की, मादीच्या जननमार्गात काही काळ राहिल्यावरच शुक्राणूस फलनक्षमता लाभते. वीर्यद्रवाच्या संपर्काने ती पुन्हा लोपते, हे चँग यांनी १९५७ साली सशांवरील प्रयोगांत सिद्ध केले. वीर्यद्रवात विकरांना रोखणारी प्रथिनेही असतात, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणूनच बाह्यफलनापूर्वी शुक्राणू वीर्यद्रवापासून वेगळे केले जातात. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा व परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी झालेल्या बालिकेच्या जन्मामागेही या ज्ञानाची परंपरा होती.

मात्र अवरोधक म्हणजे केवळ अडसर नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ‘प्रोटीन सी इन्हिबिटर’ नसलेले नर उंदीर वंध्य आढळले; विकरांवर अंकुश न राहिल्याने त्यांच्या वृषणातील शुक्राणुनिर्मितीच बिघडली होती. हा निष्कर्ष मानवास जसाच्या तसा लागू होत नाही. तथापि अपत्यहीनतेचा दोष एकट्या स्त्रीवर ठेवणाऱ्या समाजास पुरुषाच्या तपासणीची आवश्यकता या इतिहासावरून पटावी.