यॉर्कशायरच्या बोलींतील 'लेक' हें क्रियापद

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायरच्या बोलींत 'लेक' असें एक क्रियापद आहे. त्याचे अर्थ दोन : पोरांनीं खेळणें, आणि कामकऱ्यानें कामावांचून बसून राहणें. (आपल्या 'लेक' शब्दाशीं त्याचें केवळ उच्चारसाम्य आहे, तेवढ्यावरून व्युत्पत्ति लावण्याचा मोह वाचकांनीं आवरावा.) प्रमाण इंग्रजींत तो नाहीं. म्हणून त्यास अपभ्रंश म्हणावें काय?

इ. स. ८६६ त डेन लोकांनीं यॉर्क घेतलें. ८७६ त हाफडान यानें तेथील जमीन आपल्या लोकांस वांटून दिली व ते नांगर धरून तेथेंच राहिले. ९५४ त शेवटचा नॉर्स राजा एरिक हांकला गेला. शब्द मात्र गेले नाहींत. नॉर्स भाषेंत खेळण्यास 'लेइका' म्हणत. जुन्या इंग्रजींतहि त्याचें भावंड 'लाकन' होतें. परंतु तें प्रमाण भाषेंत टिकतें, तर 'स्तान'चें जसें 'स्टोन' झालें तसें त्याचें 'लोक' होतें. बोलींतील स्वर नॉर्स 'एइ'शींच जुळतो.

गॉथिक 'लाइकन' म्हणजे उडी मारणें. मूळ 'ग्'चा जर्मानिक शाखेंत 'क्' होतो, संस्कृतांत पुढील 'ए'मुळें 'ज्', आणि 'ल'चा 'र'. म्हणून विद्वान येथें वैदिक 'रेजते' आणतात. मरुतांच्या धांवण्यानें पृथ्वी कांपते, तेथें ऋग्वेदांत हेंच क्रियापद आहे. उसळणें, मग खेळणें, आणि शेवटीं गिरणी बंद म्हणून मजुरी बुडवून घरीं बसणें! या तिसऱ्या अर्थांत मला तरी थोडा कडवटपणा ऐकूं येतो.

या बोलींचा सहा खंडांचा कोश (१८९८–१९०५) करणारे जोसेफ राइट हे ब्रॅडफर्डजवळ १८५५ त जन्मले. बाळपणींच गिरणींत राबले, पंधराव्या वर्षीं वाचावयास शिकले आणि १९०१ त ऑक्सफर्ड येथें मॅक्स म्यूलर यांच्या पीठावर बसले.

पतंजलींनीं 'गौः' या एका साधु शब्दाचे अनेक अपभ्रंश दाखविले आहेत. 'लेक' त्या जातीचा नव्हे. तो प्रमाण शब्दाचा बिघाड नसून स्वतंत्र वंशाचा आहे. हें मला फार उशिरां उमगलें. तीस वर्षें मुलांच्या निबंधांतील गांवचे शब्द मीं तांबड्या शाईनें खोडले, आणि त्यांपैकीं एकाचेंहि टांचण ठेवलें नाहीं.

डेन्मार्कांत १९३४ त एका खेळण्यांच्या कारखान्यानें 'लाइ गोट', म्हणजे 'नीट खेळा', यावरून 'लेगो' हें नांव घेतलें. त्यांतील पहिला शब्द हाच होय. माझ्या नातवाच्या पेटींत तो आहे.